फिलिप्स ब्रुक्स : प्रवचनपीठ, ऑर्गन आणि एक नाताळगीत

१

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यास १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे स्थापन झालेल्या ‘रमाबाई असोसिएशन’चा परामर्श घ्यावाच लागतो. या संस्थेचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि उपाध्यक्षांमध्ये फिलिप्स ब्रुक्स हे एक नाव होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे नाव बहुधा यादीतले एक नाव एवढेच राहते. तथापि ज्या काळी ते या यादीत आले, त्या काळी इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्यांच्याइतका ख्यातकीर्त प्रवचनकार क्वचितच दुसरा असेल. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे ते धर्मगुरू होते आणि त्यांचे प्रवचन ऐकण्यासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे येत.

आज त्यांच्या प्रवचनांचे खंड ग्रंथालयांत आहेत. परंतु ते अभ्यासकांखेरीज फारसे कोणी उघडत नाही. याउलट एका शब्बाथ शाळेतील मुलांसाठी त्यांनी सहज रचलेले एक छोटे नाताळगीत जगभर गायिले जाते आणि ते गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना रचनाकाराचे नावही ठाऊक नसते. एका वक्त्याच्या आयुष्यातील हा विरोधाभास वाङ्मयाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. बोललेला शब्द कशामुळे नष्ट होतो आणि कशामुळे टिकतो, हा प्रश्न कीर्तन-प्रवचनांची दीर्घ परंपरा असलेल्या मराठीलाही परका नाही. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने ब्रुक्स यांचे जीवन येथे सांगावयाचे आहे.

२

प्रथम ज्या संस्थेत हे जीवन गेले तिची घडण ध्यानात घेतली पाहिजे. एपिस्कोपल चर्च ही इंग्लंडमधील अँग्लिकन परंपरेची अमेरिकी शाखा होय. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानणे अशक्य झाले आणि १७८९ मध्ये या चर्चने आपली स्वतंत्र घटना व स्वतःचे प्रार्थनापुस्तक स्वीकारले. स्थानिक चर्चचा कारभार सभासदांतून निवडलेले एक व्यवस्थापक मंडळ पाहते आणि मुख्य धर्मगुरूची निवडही तेच करते. या धर्मगुरूला ‘रेक्टर’ म्हणतात. बिशपची निवड प्रांताची परिषद मतदानाने करते. परंतु तेवढ्याने ती पुरी होत नाही, तिला देशातील अन्य प्रांतांची व बिशपांची संमती मिळावी लागते.

या उपासनेचे वैशिष्ट्य असे की, तिचा फार मोठा भाग प्रार्थनापुस्तकाने आधीच ठरवून दिलेला असतो. धर्मगुरू कोणीही असो, प्रार्थनेचे शब्द तेच राहतात. व्यक्तीला स्वतःचे असे काही म्हणावयास दोनच जागा उरतात : प्रवचन आणि संगीत. पहिली जागा रेक्टरची, दुसरी प्रामुख्याने ऑर्गनवादकाची. संगीताची अंतिम जबाबदारी रेक्टरवर असली, तरी प्रत्यक्ष काम वादकाच्या हाती असते, आणि एकोणिसाव्या शतकात तो वादक पुष्कळदा दुसऱ्या व्यवसायावर पोट भरणारा गृहस्थ असे. आपल्याकडे कीर्तनकार स्वतः गातो, स्वतःच निरूपण करतो आणि साथीदार त्याच्या मागे उभे असतात. एपिस्कोपल चर्चमध्ये शब्द आणि स्वर यांची पीठेच निराळी. त्यांचा मेळ बसणे वा न बसणे हे दोन माणसांच्या परस्परविश्वासावर अवलंबून असते. ब्रुक्स यांच्या आयुष्यातील सर्वांत टिकाऊ गोष्ट अशा एका विश्वासातून निर्माण झाली.

३

फिलिप्स ब्रुक्स यांचा जन्म १३ डिसेंबर १८३५ रोजी बॉस्टन येथे झाला. वडील विल्यम ग्रे ब्रुक्स व्यापारी होते. आई मेरी अ‍ॅन ही न्यू इंग्लंडमधील प्रसिद्ध फिलिप्स घराण्यातील. अँडोव्हर येथील नामांकित शाळा याच घराण्याने स्थापिलेली. कुटुंबाचे मूळ चर्च युनिटेरियन मताकडे झुकले होते. आईच्या श्रद्धेला ते मानवेना, म्हणून १८३९ मध्ये हे कुटुंब सेंट पॉल या एपिस्कोपल चर्चमध्ये आले. सहा मुलगे झाले व त्यांतील चौघे पुढे धर्मगुरू झाले.

या घरात रविवारी संध्याकाळी मुलांनी एकेक धर्मगीत पाठ म्हणून दाखवावे असा परिपाठ होता. कोणी कोणते गीत म्हटले याची नोंद वडील ठेवीत. फिलिप्स महाविद्यालयात गेले तेव्हा सुमारे दोनशे गीते त्यांना मुखोद्गत होती. घरोघरी मुलांकडून श्लोक-आर्या पाठ करून घेणाऱ्या पिढ्या ज्या समाजात होऊन गेल्या, त्याला या संस्काराचे मोल सांगावयास नको. ब्रुक्स यांच्या गद्याला पुढे जी लय आली व ऐन बोलताना प्रतिमा जी त्यांच्या स्वाधीन असे, तिचे मूळ या पाठांतरात शोधणे अप्रस्तुत होणार नाही.

बॉस्टन लॅटिन स्कूलमधून ते हार्व्हर्डला गेले आणि १८५५ मध्ये पदवीधर होऊन त्याच शाळेत शिक्षक झाले. हा प्रयोग पूर्णपणे फसला. वर्ग त्यांना आवरेना आणि काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. उत्तरकाळात हजारोंना स्तब्ध बसविणारा हा वक्ता विशीत तीस-चाळीस मुलांपुढे हतबल झाला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. या अपयशाने त्यांना काही काळ अंतर्मुख केले. १८५६ च्या शरद ऋतूत ते व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथील धर्मविद्यालयात दाखल झाले.

अलेक्झांड्रिया हे गुलामीची प्रथा असलेल्या प्रांतातले गाव. उत्तरेत वाढलेल्या या तरुणाने गुलामगिरी येथे प्रथमच रोजच्या व्यवहारात पाहिली. विद्यालयातील अभ्यासापेक्षा आसपासच्या या वास्तवाने त्यांचे मत अधिक घडविले असे त्यांच्या पुढील वर्तनावरून म्हणता येते. १ जुलै १८५९ रोजी त्यांना ‘डीकन’ पदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील चर्च ऑफ द अ‍ॅडव्हेंटमध्ये त्यांनी कामास आरंभ केला. १८६२ च्या आरंभी ते त्याच शहरातील रिटनहाऊस चौकातील होली ट्रिनिटी चर्चचे रेक्टर झाले. तेथील पूर्वीचे रेक्टर अलेक्झांडर व्हिंटन हे बॉस्टनमध्ये ब्रुक्स यांच्या बालपणीचे धर्मगुरू होते. ज्यांची प्रवचने मुलगा म्हणून ऐकली, त्यांच्याच पीठावर ते सव्विसाव्या वर्षी उभे राहिले.

४

यादवी युद्धाचा तो काळ होता. १८६३ मध्ये धाकटा भाऊ जॉर्ज सैन्यात असताना तापाने गेला. होली ट्रिनिटी हे शहरातील संपन्न लोकांचे चर्च. त्या वर्गाला धर्मगुरूने राजकारणात पडणे रुचत नसे. ब्रुक्स यांनी मात्र गुलामांच्या मुक्ततेचा, पुढे कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा आणि शहरातील घोड्यांच्या ट्रॅममधून त्यांना समान प्रवेश मिळण्याचा उघड पुरस्कार केला. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली. त्यांचा देह फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवला असताना, २३ एप्रिलच्या रविवारी ब्रुक्स यांनी लिंकन यांच्या जीवनावर व मृत्यूवर प्रवचन केले. मारेकरी एक असला तरी हत्येचे मूळ गुलामगिरीने घडविलेल्या मनोवृत्तीत आहे, हे त्या प्रवचनाचे सूत्र होते. शोकाच्या प्रसंगी कारणमीमांसा करण्याचे धैर्य त्यात आहे. हे प्रवचन छापले गेले व आजही उपलब्ध आहे.

त्याच वर्षी २१ जुलै रोजी हार्व्हर्डमध्ये युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ समारंभ झाला. जेम्स रसेल लॉवेल यांनी त्या प्रसंगी आपली सुप्रसिद्ध दीर्घ कविता वाचली. ब्रुक्स यांच्याकडे केवळ प्रार्थनेचे काम होते. उपस्थितांच्या आठवणी पाहता त्या दिवशी मनावर खोल ठसा उमटला तो कवितेचा नव्हे, तर प्रार्थनेचा. परंतु कविता छापली गेली, प्रार्थना मात्र कोणी टिपून घेतली नाही. आज अमेरिकी वाङ्मयाच्या इतिहासात लॉवेल यांची कविता आहे. ब्रुक्स यांची प्रार्थना आहे ती ऐकणाऱ्यांच्या आठवणींत एवढीच. ज्या प्रश्नापासून आपण निघालो, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

५

१८६५ च्या ऑगस्टमध्ये ब्रुक्स वर्षभराच्या रजेवर युरोप व पवित्र भूमीच्या प्रवासास निघाले. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी ते जेरुसलेमहून घोड्यावर बसून बेथलेहेमला गेले. मेंढपाळांनी देवदूतांचे गान ऐकले असे परंपरा जेथे सांगते ते शेत त्यांनी पाहिले आणि रात्री तेथील प्राचीन चर्चमध्ये कित्येक तास चाललेल्या उपासनेत ते उभे राहिले. ही रात्र त्यांच्या मनात तीन वर्षे राहिली.

होली ट्रिनिटीचे ऑर्गनवादक लुईस रेडनर हे व्यवसायाने जमीन-घरांचे दलाल होते. शब्बाथ शाळेची व्यवस्थाही तेच पाहात. १८६८ च्या नाताळपूर्वी ब्रुक्स यांनी मुलांसाठी पाच कडव्यांचे एक गीत रचले आणि त्याला चाल लावण्यास रेडनर यांना सांगितले. दिवस जात होते आणि चाल सुचत नव्हती. शनिवारची रात्र आली तरी कागद कोराच होता. त्या रात्री झोपेतून जाग आली तेव्हा कानांत सुरावट घुमत होती, ती त्यांनी तेथल्या तेथे लिहून काढली आणि रविवारी सकाळी चर्चला जाण्यापूर्वी तिची स्वरसंगती पुरी केली, असे रेडनर यांनी पुढे सांगितले आहे. २७ डिसेंबर १८६८ रोजी मुलांनी ते गीत प्रथम गायिले. तो नाताळ सरल्यावर हे गीत उरेल असे दोघांपैकी कोणालाही वाटले नव्हते. ‘ओ लिटल टाऊन ऑफ बेथलेहेम’ या नावाने ओळखले जाणारे गीत ते हेच.

या गीताची रचना पाहण्यासारखी आहे. ब्रुक्स यांनी बेथलेहेम स्वतः पाहिले होते, परंतु गीतात पाहणारा प्रवासी कोठेही नाही. अंधारातले निजलेले गाव, नीरव रात्र आणि त्या नीरवतेत घडणारी घटना एवढेच चित्र आहे. शेवटी ती घटना गावातून उचलून गाणाऱ्याच्या अंतःकरणात आणली आहे. युद्ध नुकतेच संपलेल्या, घराघरांत मृत्यू शिरलेल्या देशासाठी लिहिलेल्या या गीतात शांततेला एवढे स्थान आहे ते निष्कारण नव्हे. प्रवचनात ब्रुक्स यांचे व्यक्तिमत्त्व सर्वत्र भरलेले असे. येथे त्यांनी ते संपूर्णपणे मागे घेतले आहे.

१८७४ मध्ये विल्यम रीड हंटिंग्टन यांनी हे गीत आपल्या संग्रहात घेतले व चालीला ‘सेंट लुईस’ हे नाव दिले. १८९२ च्या एपिस्कोपल गीतसंग्रहात त्याला अधिकृत स्थान मिळाले. इंग्लंडमध्ये गोष्ट निराळी झाली. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’साठी राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी सरे परगण्यात मिळालेली एक लोकगीताची चाल या शब्दांना जोडली आणि तेथील मंडळ्या आजही प्रायः त्या चालीवर गातात. म्हणजे रेडनर यांच्या चालीने गीताला जन्माचे पंख दिले. पण उडावयास शिकल्यावर ते दुसऱ्या वाऱ्यावरही उडू लागले. गीताचे चिरंजीवित्व त्याच्या या सुटेपणात आहे. ते कर्त्यापासून सुटले, मूळ चालीपासूनही सुटले आणि जो गाईल त्याचे झाले.

६

१८६९ मध्ये ब्रुक्स बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे रेक्टर होऊन जन्मगावी परतले. नोव्हेंबर १८७२ च्या महाभयंकर आगीत समर रस्त्यावरील जुने चर्च जळून गेले. नव्या इमारतीचे काम हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुशिल्पज्ञाकडे आले. जागा बॅक बे या भराव घालून निर्माण केलेल्या भागात असल्यामुळे पायासाठी सुमारे ४,५०० लाकडी खांब जमिनीत ठोकावे लागले. इमारतीचा आराखडा लांबट न ठेवता चारी भुजा सारख्या असलेल्या क्रुसाचा ठेवला, त्यामुळे मंडळी प्रवचनकाराच्या जवळ आली. भिंतींवरील चित्रे जॉन ला फार्ज यांनी केली. ९ फेब्रुवारी १८७७ रोजी या चर्चचा अर्पणविधी झाला. दरम्यान १८७४ मध्ये धाकटे बंधू फ्रेडरिक, जे स्वतः धर्मगुरू होते, अपघातात दगावले.

येथील ऑर्गनवादक जेम्स कटलर डन पार्कर हे १८६४ पासून या पदावर होते. हार्व्हर्डचे पदवीधर, जर्मनीत लाइपझिग येथे संगीताचे शिक्षण घेतलेले व स्वतः रचनाकार असलेले पार्कर हे रेडनर यांच्याहून सर्वस्वी भिन्न प्रकृतीचे, व्यावसायिक संगीतज्ञ होते. १८७७ साली त्यांची ‘रिडेम्प्शन हिम’ ही रचना बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने सादर केली. ब्रुक्स यांच्या बॉस्टनमधील सबंध रेक्टरपदाच्या काळात ते ऑर्गनवर होते आणि १८९१ मध्ये, ब्रुक्स बिशप झाले त्याच वर्षी, तेही निवृत्त झाले. नवख्या दलालाने एका रात्रीत रचलेली चाल घरोघर गेली, तर या विद्वान संगीतज्ञाचे नाव आज तज्ज्ञांपुरते उरले. कर्तृत्वाचा आणि कीर्तीचा हिशेब असा सरळ नसतो. पण आठवड्यामागून आठवडे, बावीस वर्षे, ज्या उपासनेत ब्रुक्स यांचे प्रवचन शोभून दिसले तिचा स्वर पार्कर यांनी सांभाळला होता, हे विसरणे अन्यायाचे होईल.

ब्रुक्स शरीराने असामान्य होते. उंची सहा फुटांच्या बरीच वर, देह तसाच भव्य. बोलण्याचा वेग मिनिटाला दोनशे शब्दांच्या पुढे जाई आणि लघुलेखकांची त्रेधा उडे. आवाजात नाट्य नव्हते, हातवारे जवळजवळ नव्हते. विचारांचा लोंढा तेवढा होता. १८७७ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी प्रवचनकलेवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी मांडलेले सूत्र पुढे फार प्रसिद्ध झाले : प्रवचन म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसांपर्यंत पोहोचविलेले सत्य, त्याचे घटक दोन, सत्य आणि व्यक्तिमत्त्व. सत्य केवळ ओठांवरून न येता सबंध माणसातून वाहून आले पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

हा सिद्धांत तेजस्वी आहे. परंतु त्याच्या पोटात एक कठोर निष्कर्ष दडलेला आहे. व्यक्तिमत्त्व हा जर प्रवचनाचा अर्धा घटक असेल, तर वक्त्याबरोबर त्याचे अर्धे प्रवचनही मरते. छापील पानात सत्य शिल्लक राहील, पण ज्यातून ते वाहिले तो माणूस राहणार नाही. १८७८ पासून ब्रुक्स यांचे प्रवचनसंग्रह निघत राहिले, त्यांचा खपही मोठा होता. आणि तरीही ज्यांनी त्यांना ऐकले होते त्यांना ते खंड अपुरे वाटत. प्रार्थना समाजाच्या व्यासपीठावरून झालेली न्यायमूर्ती रानडे यांची धर्मपर व्याख्याने आज वाचताना आपणांस असाच अनुभव येतो : विचार हाती लागतो, प्रसंग निसटतो. प्रवचन हा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासताना ही उणीव संहितेची नसून प्रकाराची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८० च्या जुलैमध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत आणि विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीसमोर प्रवचन केले. १८८१ मध्ये हार्व्हर्डने देऊ केलेले अध्यापकपद त्यांनी नाकारले. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे साहाय्यक बिशपपदही नाकारले. आपले स्थान स्थानिक मंडळीच्या रविवारच्या पीठावर आहे, अशी त्यांची धारणा असावी. एका बाजूने पाहता या धारणेला मर्यादाही आहे. फिलाडेल्फियातील तरुण ब्रुक्स यांनी समाजाच्या वर्मावर बोट ठेवले होते. बॉस्टनमधील प्रौढ ब्रुक्स यांच्या आशावादी प्रवचनांत कारखानदारीतून आलेली विषमता तितक्या धारदारपणे येत नाही, हा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

७

१८८२ मध्ये मिळालेल्या वर्षभराच्या रजेत, जर्मनीतील वास्तव्यानंतर, ब्रुक्स भारतात आले. मुंबईला उतरून जयपूर, दिल्ली, कलकत्ता असा प्रवास त्यांनी १८८३ च्या आरंभीच्या महिन्यांत केला. जयपूरहून त्यांनी आपल्या लहान पुतणीला लिहिलेले पत्र मुलांसाठी लिहिलेल्या पत्रवाङ्मयाचा चांगला नमुना आहे. बोधगयेलाही ते गेले. बॉस्टनमधील सुशिक्षितांत त्या वेळी बौद्ध मताचे आकर्षण वाढले होते. आपल्या शहरात ख्रिस्ती म्हणवून घेण्यापेक्षा बौद्ध म्हणवून घेणे पसंत करणारे पुष्कळ असल्याने त्यांच्या धर्मोपदेशकाने बुद्धाचे स्थान पाहणे कर्तव्यच आहे, असा विनोद त्यांनी पत्रात केला आहे. ही प्रवासपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली दृष्टी कुतूहलाची व सहृदय असली, तरी ती एका साम्राज्याच्या सोयींनी हिंडणाऱ्या पाहुण्याची दृष्टी आहे हे नाकारता येत नाही.

ब्रुक्स भारतातून गेले त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. १८८६ च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास आल्या. पुढील वर्षी त्यांचा ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हा ग्रंथ निघाला आणि वर्षअखेर बॉस्टनमध्ये असोसिएशन उभी राहिली. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याची हमी तिने घेतली. आणि ही शाळा कोणत्याही धर्मपंथाची असणार नाही, हे तत्त्व मान्य केले. युनिटेरियन अध्यक्षाच्या शेजारी एपिस्कोपल धर्मगुरूने उपाध्यक्ष म्हणून बसणे हेच मुळी त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ब्रुक्स यांनी १८८७ मध्येच ‘टॉलरन्स’ या नावाने सहिष्णुतेवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली होती. श्रद्धेच्या दुबळेपणातून येते ती खरी सहिष्णुता नव्हे, दृढ श्रद्धेतूनच ती येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रमाबाईंच्या कार्याला दिलेला पाठिंबा या भूमिकेशी सुसंगत आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि गोदूबाई, म्हणजे पुढील आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या.

८

ज्या उदारतेमुळे ब्रुक्स असोसिएशनच्या यादीत आले, तिचीच किंमत त्यांना स्वतःच्या चर्चमध्ये मोजावी लागली. एप्रिल १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांताने त्यांना बिशप म्हणून निवडले. निवड मोठ्या बहुमताने झाली. परंतु अन्य प्रांतांच्या संमतीचा प्रश्न येताच वाद पेटला. युनिटेरियनांशी त्यांचा स्नेह आणि बिशपपदाच्या अखंड परंपरेविषयीची त्यांची मते हे आक्षेपांचे विषय होते. वृत्तपत्रांत महिनोन्‌महिने लिहिले गेले. ब्रुक्स यांनी उत्तर दिले नाही. आपली मते छापील प्रवचनांत आहेत, त्यांना नवी पुरवणी जोडण्याचे कारण नाही, अशी त्यांची वृत्ती होती. सर्व आयुष्य बोलण्यात घालविलेल्या माणसाचे हे मौन त्यांच्या कोणत्याही प्रवचनाइतके अर्थपूर्ण आहे. अखेर संमती मिळाली आणि १४ ऑक्टोबर १८९१ रोजी ट्रिनिटी चर्चमध्येच त्यांचा पदग्रहणविधी झाला.

याच काळातील एक लहान गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेली बालिका हेलन केलर ईश्वराविषयीचे आपले प्रश्न त्यांना पत्रांतून विचारीत असे आणि ते तिला उत्तरे लिहीत. १८९१ मध्ये जन्मलेल्या तिच्या भावाचे नाव फिलिप्स ब्रुक्स असे ठेवण्यात आले. ज्याची सारी ख्याती आवाजावर उभी होती, त्याचे म्हणणे जिला आवाज ऐकूच येत नाही तिच्यापर्यंत पोहोचले ते लिहिलेल्या शब्दाने आणि स्पर्शाने.

बिशपपद त्यांना जेमतेम पंधरा महिने लाभले. २३ जानेवारी १८९३ रोजी अल्पशा आजारानंतर सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. अंत्यविधीच्या दिवशी चर्च अपुरे पडले आणि कॉप्ली चौकात जमलेल्या समुदायासाठी बाहेरही प्रार्थना करावी लागली. हार्व्हर्डच्या विद्यार्थ्यांनी शवपेटी खांद्यांवर वाहिली. माउंट ऑबर्न येथे त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी पुण्यात शारदा सदनाच्या धर्मनिरपेक्षतेवरून वाद विकोपास गेला आणि रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. सहिष्णुतेचा जो अर्थ बॉस्टनमध्ये सोपा वाटला होता, तो पुण्यात किती अवघड होता हे पाहावयास ब्रुक्स उरले नव्हते.

९

संत तुकारामांच्या अभंगांविषयी परंपरा सांगते की, टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी ते उतरवून ठेवले. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग-ओव्यांची वाट धरली तेव्हा त्यांनाही हेच उमगले असावे की, मंडळीच्या मुखी राहावयाचे तर रचना मंडळीच्या चालीत असली पाहिजे. १९१९ मध्ये टिळक गेले, पण मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्यांची गीते गात राहिल्या. शब्द टिकतो तो कर्त्याच्या सामर्थ्याने जितका, तितकाच तो दुसऱ्याच्या हाती सोपविण्याच्या तयारीने.

ब्रुक्स यांनी हजारो तास प्रवचनपीठावर घालविले. त्या श्रमाचे फळ ज्यांनी ऐकले त्यांच्या आयुष्यात गेले आणि तेथेच संपले. ते व्यर्थ होते असे मुळीच नाही. परंतु एका डिसेंबरात त्यांनी आपले शब्द एका हौशी वादकाच्या आणि काही मुलांच्या स्वाधीन केले. त्या रविवारी होली ट्रिनिटीत वक्त्याचे काम थांबले होते आणि मुले गात होती. वाङ्मयाच्या इतिहासकाराने दोहोंची नोंद स्वतंत्रपणे घ्यावयास हवी : प्रवचनाची त्याच्या श्रोत्यांच्या साक्षीतून आणि गीताची ते आजही गाणाऱ्यांच्या मुखातून. मराठीत आपण दुसरे काम बऱ्यापैकी केले आहे. पहिले, म्हणजे कीर्तनकार, प्रवचनकार आणि धर्मोपदेशक यांच्या श्रोत्यांच्या आठवणी, दैनंदिन्या व पत्रे यांतून त्या विरून गेलेल्या वाणीचा शोध घेणे, हे अद्याप बहुतांशी करावयाचे आहे.